करकोच्याचं घर

आमची ही लग्नं जमवते. लग्नाचं नाव काढताच अंगावर येणारी मुलंसुद्धा तिच्यापुढे "तुम्ही म्हणाल तसं, काकू" म्हणतात. त्यामुळे प्राणिसंग्रहालयात पक्षी सांभाळणारा माणूस दारात आला, तेव्हा मला वाटलं, याची मुलगी खपवायची असेल.

"मुलगा आहे, ताई," पक्षीवाला म्हणाला. "करकोचा. या जातीचा आता जगात एवढा एकच नर उरलाय."

ही जराही चपापली नाही. "भाऊबंद?"

"काही औषधफवारणीनं गेले, काही विजेच्या तारांवर. काहींना लोकांनी हौसेखातर मारलं. आणि राहतं घरच गेल्यावर उरलेल्यांनी राहायचं कुठे?"

"चला, वाटणीची कटकट नाही," मी म्हणालो. हिने माझ्याकडे डोळे वटारले.

मादीही एकच होती, परदेशात. हिने फोन लावला. तिला सांभाळणाऱ्या, म्हणजे मुलीकडच्या बाई ठाम होत्या. एका पिंजऱ्यातून दुसऱ्या पिंजऱ्यात मुलगी द्यायची नाही, मुलाचं स्वतःचं घर हवं.

"वडिलोपार्जित काही?" हिने पक्षीवाल्याला विचारलं.

त्याने आमच्या फरशीकडे बोट दाखवलं. "हेच की. इथे दलदल होती. भराव घालून तुमची इमारत उठली."

इमारतीचं नाव 'करकोचा विहार'. फाटकावर पक्ष्याचं चित्रही आहे. काय ते कौतुक!

मुलीकडच्या बाई घर बघायला आल्या. पक्षीवाल्याने पार्किंगमध्ये खोका उघडला. करकोचा लांब ढांगा टाकत थेट माझ्या गाडीपाशी गेला आणि खाली मान घालून बघू लागला. बाईंनी इमारत वरपासून खालपर्यंत न्याहाळली.

"मुलगा पसंत आहे. जागाही चांगली आहे. तेवढी ही माणसं हलवा."

हिने कंबर कसली. अडेल बापांना वळवणारी बाई ती. एकेक दार वाजवत वर गेली. करकोच्याबद्दल सगळ्यांना फार जिव्हाळा. दुसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई तर रडल्याच. घर सोडायलाही सगळे एका पायावर तयार. "फक्त आधी शेजारच्यांना विचारा हं," प्रत्येकजण म्हणाला.

शेवटी तिने आमचीच बेल वाजवली. मी दार उघडलं.

"तुमचं काय म्हणणं?" ती पार दमली होती.

मला त्या पक्ष्याची खरंच दया येत होती. पण स्वयंपाकघर नुकतंच नवं केलेलं.

"आधी शेजारच्यांना विचार," मी म्हणालो.

"तिथूनच येतेय."

मी खाली गेलो. बाई निघून गेल्या होत्या. पक्षीवाला खोका उघडा धरून "चल बाळा, चल" करत होता. बाळ जागचं हलत नव्हतं. त्याने माझ्या गाडीखाली काटक्या रचायला घेतल्या होत्या.

मला कामाला जायला उशीर होत होता. वाकून मीच एकेक काटकी उचलली. करकोचा आदबीने बाजूला सरकला आणि मी त्या कुठे रचतोय ते बघत उभा राहिला.