नऊ नंबरचा रकाना

गेल्या आठवड्यात शिवकांताबाईंना तीन फोन आले. तिन्ही वेळा नंबर वेगळा, पण आवाज एकच.

"मॅडम, रविवारी नऊ नंबरच्या पोरीला पहिला नंबर द्यायचा. तुमची तनुजा सकाळच्या गाडीनं हदगावला जाती न्हाई का? निळी वढनी लई शोभती तिला. मी बघून राहिलो. ध्यानात ठिवा, आं?"

बाईंचं धाबं दणाणलं. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, घरात मायलेकी दोघीच. तनुजा हदगावच्या शाळेत नुकतीच शिकवायला लागली होती. तिला सांगितलं तर ती म्हणाली, "कुणीतरी मस्करी करतंय, आई." आजकालच्या पोरी भीत नाहीत, त्यांच्या वाटणीचं आयांनाच भ्यावं लागतं.

रविवारी नांदेडच्या नाट्यगृहात विविध गुणदर्शनाची स्पर्धा होती. गाणं, नाच, जादू, नकला, ज्याला जे येईल ते त्यानं करावं आणि पहिला येईल त्यानं लातूरच्या अंतिम फेरीला जावं. परीक्षक दोघं. एक शिवकांताबाई, शाळेत नाटकं बसवण्यात हयात गेलेल्या. दुसरे पंचाक्षरी सर. सरांचा गाण्याचा क्लास होता आणि गावातल्या प्रत्येक कार्यक्रमाचा माइक त्यांच्याच हातात असायचा. त्यांचं मराठी सोवळ्यात ठेवल्यासारखं. चहा झाला का असं ते कधी विचारत नसत, "चहापान आटोपलं का?" असं विचारत. दहा वर्षांच्या ओळखीत बाईंनी त्यांच्या तोंडून एक 'लई' ऐकला नव्हता.

नऊ नंबरची साक्षी सरांच्याच क्लासची. ते त्यांनी लपवलं नाही. सुरुवातीलाच माइकवर येऊन म्हणाले, "माझ्या शिष्येला मी गुण देणं उचित नाही. तिचे गुण एकट्या मॅडम देतील आणि तेच दुप्पट धरावेत." टाळ्या काय पडल्या! असा निःस्पृह माणूस शोधून सापडायचा नाही, असं मागे कुणीतरी म्हणालंसुद्धा. म्हणजे सगळं घोंगडं बाईंच्याच गळ्यात.

त्यांचा संशय साक्षीच्या वडिलांवर होता. धर्माबादचा धिप्पाड व्यापारी, मिशा अशा की बघूनच घाम फुटावा. पण सकाळी त्यानं नमस्कार केला तो इतक्या चिरक्या आवाजात, की बाईंचा संशय जागच्या जागी मेला. मग उरला कोण? चारशे माणसांचं सभागृह उरलं. चहावाला बोलला की बाई कान टवकारत, माइकवाला खोकला तरी दचकत.

साक्षी गायली. वाईट नव्हती, पण पाठ केलेलं म्हणत होती आणि वरच्या पट्टीत दोनदा घसरली. पन्नासातले चौतीस, फार तर पस्तीस. बाईंच्या पेनानं मात्र अठ्ठेचाळीसमधला चार गिरवायला घेतला होता. तिथंच त्यांना स्वतःची लाज वाटली. त्यांनी पेन उचललं आणि रकाना कोराच ठेवला.

चौदा नंबरला भोकरकडची दामिनी आली. एकोणीस-वीसची सडसडीत पोर, नकला करणारी. आधी तिनं मोंढ्यातला मिरचीचा लिलाव उभा केला, मग प्रवाशांवर खेकसणारा कंडक्टर. लोक हसून हसून बेजार. मग ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि घरच्या मालकाचा घोगरा, दमदार आवाज काढला.

"पानी गरम झालं का न्हाई? मी कवाचा उभा राहून राहिलो! उद्यापून असं चालायचं न्हाई. ध्यानात ठिवा, आं?"

बाईंचं पेन थांबलं. तोच आवाज. 'आं' म्हणताना वर चढणारा तोच सूर. ही पोरगीच फोन करत होती का? की तो माणूस हिच्या घरातला? स्पर्धेच्या नियमानं परीक्षकाला प्रत्येकाला एक प्रश्न विचारता यायचा. विचारू नये असं बाईंना फार वाटत होतं. पण न विचारता घरी जाऊन फोनची वाट बघत बसणं त्याहून वाईट होतं.

"हा शेवटचा आवाज कुणाचा गं?" त्यांनी विचारलं.

दामिनी लाजली. "सरांचाच हाय की, मॅडम! माझी आई गुणाबाई सैपाक करती त्यांच्याकडं. सर घरी असंच बोलतेत."

सभागृह हास्यानं दणाणलं. पंचाक्षरी सरही हसले, टाळ्या वाजवल्या, मान डोलावली. पोरीला वाटलं, आपण सरांना खूश केलं. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे असतात हे बाईंनी वर्गात शेकडो पोरांना शिकवलं होतं, आणि स्वतः दहा वर्षं दाखवायच्या दातांशीच गप्पा मारल्या होत्या. आवाज लपवायला त्या माणसानं काही सोंग घेतलं नव्हतं. तो फक्त घरच्यासारखा बोलला होता.

आणि आत्ता तो त्यांच्या कोपराला कोपर लावून बसला होता.

"मॅडम," सर हळूच म्हणाले, "नऊ क्रमांकाचा रकाना रिक्त दिसतो."

बाईंनी पेन टेकवलं. चौतीस. दामिनीपुढे त्यांनी शेहेचाळीस लिहिले.

सरांनी दोन्ही आकडे वाचले. समोर बघत, ओठ फारसे न हलवता ते म्हणाले, "बरं न्हाई केलं, मॅडम."

निकाल जाहीर झाला, दामिनीचं नाव पुकारलं गेलं, तरी बाईंना ऐकू येत होता तो एवढाच आवाज.

कार्यक्रम संपल्यावर दाराशी ही गर्दी. तनुजा आईला न्यायला आली होती. सरांना बघून तिचा चेहरा खुलला.

"आई, सर किती चांगले आहेत! परवा सकाळी स्टँडवर भेटले. गाडीत जागा धरून दिली मला." असं म्हणत ती त्यांच्या पाया पडायला वाकली.

"आयुष्मती भव," म्हणत सरांनी हात पुढे केला.

तो हात तिच्या डोक्यावर टेकायच्या आत बाईंनी लेकीला दंडाला धरून मागं ओढलं. इतक्या जोरात, की तिच्या खांद्यावरची पर्स खाली पडली.

"पाया पडू नकोस."

बोलणी थांबली. माणसं वळून बघायला लागली. वडीलधाऱ्या माणसाच्या पाया पडू नको, असं चारचौघांत कुणी म्हणतं का?

"मॅडम, हे काय? आपली प्रकृती ठीक आहे ना?" सरांनी विचारलं. शब्दन् शब्द स्वच्छ.

आत्ता गप्प बसलं तर जन्मभर गप्प बसावं लागेल, हे बाईंना कळत होतं, आणि बोललं तर काय होईल हे कळत नव्हतं.

"तनुजा, फोन यांचेच होते," त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "सर, एकदा हिच्यासमोर म्हणून दाखवा. निळी वढनी लई शोभती तिला. म्हणा. घरी बोलता तसं."

सरांनी तोंड उघडलं. ऐकायला सगळे थांबले होते, दामिनी आणि तिची आईसुद्धा. सरांनी तोंड पुन्हा मिटलं.