नखाची खाच

टेबलावर तीन मल्टिटूल मांडलेली होती आणि तात्या अर्धा तास त्यांच्याकडे नुसते बघत बसले होते. अग्निशमन केंद्राचे प्रमुख म्हणून त्यांनी भले भले निर्णय चुटकीसरशी घेतले होते. कुठली भिंत पडणार, कुठल्या जिन्यावर माणूस चढवायचा नाही, हे त्यांना धुराच्या रंगावरून कळायचं. आज मात्र खिशात मावेल एवढी वस्तू निवडायची होती, आणि घोडं तिथेच अडलं होतं.

वरच्या कार्यालयातून पत्र आलं होतं. केंद्रातल्या प्रत्येकाला नवं मल्टिटूल मिळणार होतं. पक्कड, पेचकस, सीट बेल्ट कापायचं पातं आणि काच फोडायचं टोक, सगळं एका मुठीत. तीन नमुने पाठवले होते. कुठलं हवं ते दुपारी बारापर्यंत कळवा, कारणासकट. पत्राच्या शेवटी कुणीतरी शहाण्याने जोडलं होतं की सध्याचंच पसंत असेल तर तसं लिहावं, म्हणजे सर्वांचाच वेळ वाचेल. कार्यालयातली माणसं वेळ वाचवतात ती अशी.

तिन्हींतलं एक सध्याचंच होतं. सडपातळ, चकचकीत, हातात घेतलं की ठेवू नयेसं वाटणारं. पाच वर्षांपूर्वी तात्यांनीच ते निवडलं होतं, याच टेबलावर, चहा पिता पिता. दुसरं इतकं जड होतं की पँट खाली ओढेल. तिसरं नारिंगी, बोजड, मुलांच्या खेळण्यासारखं दिसणारं. त्याचं बेल्ट कापायचं पातं घडी घालून आत जातच नव्हतं. ते एका बाजूला आकड्यासारखं कायमचं बाहेर होतं, फक्त त्याची धार आतल्या बाजूला होती.

बंबाचा ड्रायव्हर दारातून डोकावला. "तात्या, अहो दागिने घेताय का? करा की सही! सगळ्यांनी जुन्यालाच हात वर केलाय."

"बघतो," तात्या म्हणाले.

गेले चार महिने ते प्रत्येक गोष्टीला 'बघतो' म्हणत होते. घरी बायकोने विचारलं, सुट्टी घेणार का, तर बघतो. मुलीने विचारलं, बाबा, तुम्हाला बरं नाही का, तर बघतो. परवा बायकोने मुद्दाम सगळ्या स्वयंपाकात मीठच घातलं नाही. तात्यांनी पोटभर जेवून ताट उचललं. ती ओट्याकडे तोंड करून बराच वेळ उभी राहिली. हे तात्यांना दिसलं. त्यांना सगळं दिसत होतं, पण आत काही पोचत नव्हतं.

मल्टिटूलांच्या शेजारी एक अर्ज पडला होता. तो खारूताईचा होता. शिडीवर ती खारीसारखी सरसर चढते म्हणून बारा वर्षांपूर्वी ड्रायव्हरने हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. आता तिची मुलगीसुद्धा फोनवर विचारते, 'खारूताई आहे का?' अर्जात दोनच ओळी होत्या. 'प्रत्यक्ष बचावकार्यास मी लायक राहिलेले नाही. तरी माझी बदली कंट्रोल रूममध्ये करावी.' खाली तात्यांच्या सहीची जागा होती. तोही आजच जायचा होता.

चार महिन्यांपूर्वी हमरस्त्यावर एक छोटा मालट्रक उलटला. इंजिनाने पेट घेतला होता. बंबावरचं मोठं कटर एका बाजूचं दार कापत होतं, तेवढ्यात खारूताई मागच्या फुटक्या काचेतून आत सरपटत गेली. आतला माणूस शुद्धीवर होता. सीट बेल्ट अडकला होता, तो कापला की माणूस बाहेर, इतकं सोपं काम. ती एक मिनिटाहून जास्त आत होती आणि बेल्ट कापला गेला नाही. शेवटी तात्या आणि ड्रायव्हर दोघांनी तिला पाय धरून बाहेर ओढलं. तिच्या उजव्या हातात मोजा नव्हता आणि पंजा भाजला होता. माणूस आतच गेला.

चौकशीत तिने स्वतःच लिहून दिलं, 'माझे हात चालले नाहीत.' कुणी तिला बोल लावला नाही. पण कुणी 'असं नव्हे' असंही म्हटलं नाही. लोक तिच्याशी जपून बोलू लागले, आणि आमच्या मते माणसाला आतून पोखरायला तेवढं पुरतं.

तात्यांना मात्र दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. जळलेल्या केबिनमध्ये त्यांना तिचं मल्टिटूल सापडलं. पातं मिटलेलंच होतं. त्यांनी ते तिथेच, हातात मोजे असताना, उघडून बघितलं. उघडेना. पुन्हा केलं, सहा वेळा केलं. पात्यावर एक बारीकशी खाच होती, नख अडकवून पातं वर ओढायला. जाड मोज्यातल्या बोटांना नख नसतं, आणि तिने मोजा काढला तोवर बोटं भाजली होती. पाच वर्षांपूर्वी या टेबलावर तात्यांनी ते उघड्या हाताने पारखलं होतं. बेल्टचा तुकडा सर्रकन कापून दाखवला होता आणि सगळ्यांनी वाहवा केली होती. त्यानंतर पाच वर्षं केंद्रात प्रत्येकाने ते वापरलं, ते उघड्या हाताने, स्क्रू पिळायला नि डबे उघडायला. सरावाला तर मोठं कटर असायचंच. ज्या माणसांचं अर्धं आयुष्य मोज्यांत जातं, त्यांच्यातल्या एकालाही मोजे घालून ते उघडून बघायचं सुचलं नाही.

हे तात्यांनी पोटात ठेवलं. आधी वाटलं, चौकशी संपू दे. मग वाटलं, तिच्या हाताची जखम भरू दे. मग काही वाटेनासंच झालं.

आता वाट तशी मोकळी होती. नारिंगीच्या नावापुढे खूण करायची, कारण म्हणून 'वापरास सोयीचे' लिहायचं. योग्य वस्तू येईल, पुन्हा कुणी मरणार नाही. दुसऱ्या कागदावर सही करायची, खारूताई कंट्रोल रूममध्ये जाईल, फोन घेईल, पगार तोच. कुणाला काही कळायचं नाही. साडेअकरा वाजले होते. तात्यांनी पेन उचललं, टोपण काढलं. मग त्यांची नजर अर्जातल्या 'लायक' या शब्दावर गेली आणि तिथेच राहिली. त्यांनी टोपण परत लावलं.

"सगळ्यांना अंगणात बोलव," त्यांनी ड्रायव्हरला सांगितलं. "मोजे घालून. आणि पाण्याची बादली आण."

"मोजे? तात्या, वस्तू बघायची आहे की आग विझवायची आहे?"

"बोलव."

अंगणात सरावासाठी ठेवलेली भंगार गाडी होती. तात्यांनी तिच्या सीटवर ड्रायव्हरला बसवलं, बेल्ट लावला, त्याचे मोजे बादलीत बुडवायला लावले आणि जुनं मल्टिटूल हातात दिलं. "काप."

"हे काय, आत्ता!" ड्रायव्हर हसला. त्याने बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. अंगठ्याने दाबून बघितलं, मग दातांनी. सगळे खिदळत होते. कुणीतरी म्हणालं, "अरे, जेवून ये मग काप!" वीस सेकंद झाली, तीस झाली. हसू एकेकाच्या तोंडावरून उतरत गेलं. चाळिसाव्या सेकंदाला अंगणात कुणीच हसत नव्हतं आणि ड्रायव्हरच्या कपाळावर घाम आला होता.

"आता हे घे," म्हणून तात्यांनी नारिंगी दिलं. ड्रायव्हरने आकडा बेल्टमध्ये अडकवून ओढला. बेल्ट दोन सेकंदांत तुटला.

खारूताई मागे उभी होती. ती पुढे आली, कुणाला न विचारता तिने जुनं मल्टिटूल ड्रायव्हरच्या मांडीवरून उचललं आणि मोजा घातलेल्या हाताने उघडायला लागली. शांतपणे, घाई न करता. ते उघडलं नाही. तिने ते उलटंपालटं करून खाच बघितली.

"हे मोज्यात उघडतच नाही," ती म्हणाली. मग तात्यांकडे बघितलं. "तुम्हाला माहीत होतं. म्हणून मोजे घालायला लावलेत."

"हो."

"कधीपासून?"

खोटं बोलायला अजूनही जागा होती. आज सकाळी लक्षात आलं, असं म्हणता आलं असतं. "दुसऱ्या दिवसापासून," तात्या म्हणाले. "तुझं मला गाडीत सापडलं. मी उघडून बघितलं. तुझे हात चालत होते, खारूताई. मी निवडलेली वस्तूच चालली नाही. सगळ्यांच्या देखत सांगतोय. वरही असंच लिहून देणार आहे, तुझा तो जबाब खरा नव्हता हेसुद्धा."

ड्रायव्हर सीटवर मान खाली घालून बसला होता. तात्यांना वाटलं, आता तरी आत काहीतरी तुटेल. काही झालं नाही. आपण दुसऱ्याच कुणाची गोष्ट सांगितली असं त्यांना वाटलं.

ते कार्यालयात आले, पत्रावर कारण लिहिलं. कारण दीड पान झालं. बाराला पाच कमी असताना खारूताई आत आली. तिने टेबलावरचा अर्ज ओढला, 'कंट्रोल रूममध्ये' हे शब्द खोडले आणि वर लिहिलं, 'दुसऱ्या कुठल्याही केंद्रावर, बंबावर.' आणि पहिली ओळ आख्खी खोडली.

"सही करा."

"तू इथे राहा," तात्या म्हणाले. "मी जातो. मी स्वतःच बदली मागतो."

"तुम्ही काय करायचं ते तुमचं तुम्ही बघा. माझे हात गेले असं समजून मी चार महिने घरात मुलीची वेणी घालायला घाबरत होते. तुम्ही रोज समोर बसत होता. मी तुमच्या हाताखाली नाही राहणार, तात्या."

तात्यांनी सही केली. तिने कागद घेतला, दारापर्यंत गेली आणि परत वळली. तिचा आवाज आता चढा नव्हता.

"एक गोष्ट मी चौकशीत सांगितली नाही. घरीसुद्धा नाही. मी ते पातं खरडत होते ना, तर तो माणूस माझ्याकडे बघत होता. मला म्हणाला, 'घाबरू नका ताई. होईल. सावकाश करा.' मला धीर देत होता तो." तिने कागद दुसऱ्या हातात घेतला. "हे एवढे दिवस मी एकटीने सांभाळलं. आता तुम्हीही सांभाळा."

ती गेली. तात्यांनी पत्र घडी घालून पाकिटात घालायला घेतलं. घडी नीट बसेना. त्यांना त्या माणसाचा आवाज ऐकू आला, जो त्यांनी कधी ऐकला नव्हता, आणि तो सावकाश करा म्हणत होता. त्यांच्या घशातून एक विचित्र आवाज निघाला. बाहेर ड्रायव्हरने तो ऐकला आणि धावत आला. बघतो तर तात्या दोन्ही हात टेबलावर पालथे टाकून ढसाढसा रडत होते, आणि इतक्या वर्षांत तसं त्यांना कुणी पाहिलं नसल्यामुळे, जवळ जावं की दार लावून घ्यावं, हे त्याला कळेना.