थोरलीचे दोरे

सोमवारी पाऊस आला, मंगळवारी मुक्कामाला राहिला, बुधवारी घरचाच होऊन बसला. ऐन थंडीत असा पाऊस म्हणजे लाँड्रीवाल्यांच्या पोटावर पाय. दोघी जावांच्या लहानशा दुकानात छतापासून शर्ट, चादरी, विजारी लोंबत होत्या; इकडून तिकडं जायचं तर कुणाच्या तरी ओल्या बाहीची थप्पड खावी लागायची.

दुकान थोरलीचं. वीस वर्षं एकटीनं ओढलेलं. धाकटी लग्न होऊन आली ती गेल्या उन्हाळ्यात. थोरलीच्या लेकीला परगावी मुलगी झाली होती. दोन महिन्यांची झाली, तरी आजीनं अजून तोंड पाहिलं नव्हतं. दुकान टाकून जायचं कसं? शेवटी तिनं ठरवलं, हा आठवडा दुकान धाकटी बघेल, आपण नुसतं बसायचं. नीट पार पडलं, तर रविवारच्या गाडीनं आठ दिवस नातीकडं.

धाकटीनं पदर खोचला, पण आठवडाच खट्याळ निघाला. सोमवारी न राहवून थोरलीच एक गठ्ठा पोचवायला गेली, येताना छत्री उलटी झाली आणि बाई नखशिखांत भिजून आली. मंगळवारी धाकटीनं इस्त्री आणि हिटर एकदम लावले, फ्यूज उडाला. बुधवारी ती गठ्ठ्यासकट चिखलात बसली, गठ्ठा मात्र डोक्यावर धरून. थोरलीनं आवाज चढवला नाही. शालीत गुरफटून ती फक्त रोज विचारायची, माझा स्वेटर कुठं गेला गं? धाकटी कामाच्या धांदलीत हं हं म्हणायची आणि विसरायची.

खरा घोटाळा गुरुवारी झाला. थोरली कपड्यांना चिठ्ठ्या लावत नसे, शाईचे आकडे घालत नसे. प्रत्येक घराचा एक दोरा. आतल्या बाजूला एकच टाका: नर्सबाईंचा हिरवा, सुताराचा तांबडा, मास्तरांचा निळा-पांढरा पीळ. त्या दिवशी धाकटीला तांबड्या दोऱ्याचा रंग उतरताना दिसला. नवं रीळ कच्चं निघालं होतं. एक कच्चा, तर बाकीचे तरी पक्के कशावरून? तिनं घराघराचे ढीग लावले आणि कात्रीनं सगळे टाके कापून काढले. कपडे वाळले की नवे घालू, असा शहाणा विचार. तेवढ्यात वरची दोरी तुटली. ओल्या चादरी ढिगांवर कोसळल्या, ढीग एकमेकांत गेले, आणि सदतीस कपडे बिननावाचे झाले.

धाकटी त्यांच्यामध्ये खाली बसली.

"ताई, तुम्ही तिकीट रद्द करा," ती म्हणाली. "माझ्याच्यानं नाही व्हायचं."

थोरली शाल खोचून खाली बसली आणि एकेक कपडा मांडीवर घेऊ लागली, तान्ह्या लेकराला घ्यावं तसा.

"हा सुताराचा. फळी वाहून वाहून उजवा खांदा विरलाय, बघ. हा मास्तरांचा, बाहीनं फळा पुसतात, कितीदा सांगितलं. ही विजार गवंडीकाकांच्या नातीची. मागची बाजू झिजलीय म्हणजे घसरगुंडी सापडली बाईसाहेबांना."

हात फिरत होता आणि धाकटी बघत होती. ज्या घरांचे उंबरे तिनं कपडे पोचवताना फक्त बाहेरून पाहिले होते, ती घरं कापडातून उठून चालत येत होती. कुणाचा गुडघा दुखतो, कोण डाव्या कुशीवर झोपतं, सगळं थोरलीच्या बोटांना पाठ. दोरे होते ते जगासाठी. तिला त्यांची गरजच नव्हती.

शुक्रवारी एका छत्रीत दोघी दारोदार फिरल्या. अर्धी धाकटी भिजली, अर्धी थोरली. एकही कपडा परत आला नाही. मास्तरांनी तर बाहीवरून बोलणीही मुकाट खाल्ली.

टेबलावर मात्र एक उरला. आकाशी रंगाचा स्वेटर. थोरलीनं तो तीनदा उलटा-सुलटा केला. आपल्या गिऱ्हाइकांत असा रंग कुणाचा नाही, ती म्हणाली, आणि तिचा चेहरा पडला. एक चुकलं म्हणजे सगळ्यावरच शंका.

धाकटीनं स्वेटर मांडीवर घेतला. हात फिरवला. मग हळूहळू बोलू लागली.

"ही बाई डावरी. उजव्या बाहीला इस्त्रीचा चटका आहे. पोटापाशी लोकर विरलीय, म्हणजे दिवसभर टेबलाला टेकून उभी असते." तिनं खिशात बोट घातलं. "खिशात सगळ्या घरांचे दोरे आहेत. हिच्या स्वतःच्या कॉलरला मात्र एकही टाका नाही."

थोरलीनं स्वेटर ओढून घेतला.

"अगं, माझा तर मातकट होता."

सोमवारी थोरलीच्या भिजलेल्या कपड्यांबरोबर तो आपणच टबात टाकला होता, हे धाकटीला आता कुठं आठवलं. साऱ्या गल्लीचे कपडे धुणारीचा स्वेटर किती वर्षांनी धुतला गेला होता, देव जाणे. थोरली आधी ओशाळली, मग डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. हसता हसता तिनं दोऱ्यांचा डबा धाकटीकडं सरकवला आणि रविवारची गाडी किती वाजता सुटते ते विचारलं.

रविवारी पाऊस होताच. गाडीत बसल्यावर थोरलीनं सवयीनं स्वेटरची कॉलर उलटून पाहिली. आत पिवळा टाका.

"हा कुणाच्या घराचा?"

"आपल्या," खिडकीबाहेरून धाकटी म्हणाली.

थोरलीनं बोट ओलं केलं आणि टाक्यावर घासून पाहिलं. रंग पक्का होता.