धबधब्याची उलटी वाट

"माईक चालू आहे का, माईक?" असं भूगोलकाकांनी माईकमध्येच विचारलं, आणि गाडीतल्या अडतीस बायका एका सुरात म्हणाल्या, "हो!"

काकांना घाम फुटला. सत्तावीस वर्षं ते सहलीची ही गाडी चालवत होते, पण माईक हातात येण्याची ही पहिलीच वेळ. एरवी तो गाइडकडे असे. आज सकाळी गाइडच्या बायकोचा फोन आला की ह्यांचा घसा बसलाय, आवाजच फुटत नाही. काकांनी मालकांना कळवलं, तर मालक म्हणाले, "मग तुम्हीच बोला की! सत्तावीस वर्षं जाताय, तोंडपाठ असेल सगळं."

तोंडपाठ होतंच, पण काकांनी त्यातलं काहीही डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं.

गाडीच्या अंगावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'आपलं राज्य, आपली सहल. एक दिवस, चार ठिकाणं.' तळं, किल्ला, फुलांचा महोत्सव आणि शेवटी धबधबा. या चार ठिकाणांपैकी काकांनी चार वाहनतळ पाहिले होते. ड्रायव्हरने गाडी सोडायची नाही, हा कंपनीचा पहिला नियम. प्रवाशांच्या पिशव्या आत असतात, आणि वाहनतळावर गाड्या इतक्या दाटीने लावतात की कुणाला बाहेर पडायचं झालं तर आणखी तिघांनी आपापली गाडी हातभर मागेपुढे करावी लागते. सुरुवातीची दोन-तीन वर्षं काकांना चुटपुट लागायची. मग सवय झाली. चहाची टपरी, पंक्चरवाला आणि सावली कुठल्या झाडाची किती वाजता कुठे येते, एवढं ज्ञान त्यांना पुरेसं वाटू लागलं.

बाकीचं ज्ञान प्रवासी आणून देत. परतीच्या वाटेवर लोक दमून खुर्च्यांत पडायचे आणि तासभर बोलायचे. काका आरसा जरा तिरपा करायचे आणि कान मागे लावायचे. किल्ल्याच्या पायऱ्या कुणी तीनशे सांगे, कुणी पाचशे. काकांनी चारशे धरल्या. फुलांचा महोत्सव त्यांना शिंकांवरून कळे आणि धबधबा ओल्या मोज्यांवरून. लोक मोजे खुर्च्यांच्या पाठींवर वाळत घालायचे, आणि अख्खी गाडी त्या वासासकट काका घरी आणायचे.

रात्री जेवताना ते बायकोला सगळं सांगायचे. धबधबा सात धारांचा आहे, मधली धार दुधासारखी, खाली उभं राहिलं की स्वतःचाही आवाज ऐकू येत नाही. काकू हातातला घास हातातच ठेवून ऐकायच्या. दुसऱ्या दिवशी त्याच गोष्टी तिखटमीठ लावून गल्लीत पोचायच्या. त्यावरूनच गल्लीने त्यांचं नाव 'भूगोल' ठेवलं होतं. मुलांना सहलीचा निबंध आला की ती काकांकडे यायची, आणि पैकीच्या पैकी गुण घेऊन जायची.

काकूंना मात्र सहल कधी घडली नाही. रविवार आणि सुट्टीचे दिवस म्हणजे काकांची ड्यूटी, आणि इतर दिवशी मुलांच्या शाळा. शेवटी मुलं शिकून लांब गेली, तेव्हा काकूंनी कंबर कसली. गल्लीतल्या बायका गोळा केल्या, यादी केली आणि अख्खी गाडीच ठरवली. "धबधबा एकदा तुमच्याबरोबर बघायचाय," त्या काकांना म्हणाल्या. "एवढं ऐकलंय, आता डोळ्यांनी बघू दे."

काका म्हणाले, "बघू की, त्यात काय." आणि त्या दिवसापासून त्यांची झोप उडाली.

तळ्याशी गाडी लावून काकांनी माईक तोंडाशी धरला. "तळ्याच्या मधोमध तीन मजली दगडी मनोरा आहे. नीट बघा. तासाभरात परत या."

तासाभराने सगळ्यात आधी मास्तरीणबाई परतल्या. चाळीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या या बाई दुसऱ्याची चूक शोधल्याशिवाय चहाही घेत नसत. "अहो भूगोल, मनोरा कुठंय?"

"नाही दिसला?" काकांनी वेळ मारून नेली. "पाणी वाढलं की बुडतो तो."

"तीन मजली मनोरा बुडतो? आणि काठावरची बाकं कोरडी राहतात?"

"तळं मध्ये खोल आहे," काका म्हणाले आणि इंजिन सुरू केलं. इंजिनाच्या आवाजात पुष्कळ प्रश्न विरतात, हा त्यांचा अनुभव होता.

किल्ल्यावर पायऱ्या दोनशे छप्पन्न निघाल्या. मास्तरीणबाईंनी त्या मोजल्याच होत्या. फुलांच्या महोत्सवात निळे गुलाब असतात असं काकांनी ठोकून दिलं होतं. तिथे निळी होती ती फक्त कचऱ्याची डबडी. शिंपीणताई म्हणजे गल्लीतल्या सगळ्यांचे कपडे शिवणाऱ्या, अंगाने भारदस्त आणि मनाने उदार बाई. त्या म्हणाल्या, "यंदा नसतील लावले. भाऊजी खोटं कशाला बोलतील?"

काकू गाइडच्या जागेवर, काकांच्या शेजारी बसल्या होत्या. त्या नुसत्या एकदा काकांकडे बघून परत रस्त्याकडे बघू लागल्या. काकांना ते मास्तरीणबाईंच्या प्रश्नांपेक्षा जड गेलं.

धबधब्याच्या वाहनतळावर गाडी लागली आणि काकांनी नेहमीप्रमाणे पाणी प्यायला बाटली उघडली. पण दाराशी मास्तरीणबाई उभ्या होत्या.

"चला. आता तुम्ही पुढं व्हा."

"मला गाडी सोडता येत नाही हो. नियम आहे."

"गाइड नाही म्हटल्यावर गाइडचं काम कुणी करायचं? मनोरा बुडाला, गुलाब उडाले. आता हा धबधबा तरी आमच्यासमोर हात लावून दाखवा."

"चला ना हो," काकू हळूच म्हणाल्या. "मी म्हटलंय ना सगळ्यांना, हे दाखवतील म्हणून."

काकांनी शेजारच्या गाडीच्या ड्रायव्हरला पिशव्यांवर लक्ष ठेवायला सांगितलं, किल्ली खिशात टाकली आणि खाली उतरले. उपाहारगृहामागे दोन वाटा फुटत होत्या, एक डावीकडे, एक उजवीकडे. पाटी होती, पण तिच्यावर कुणीतरी टॉवेल वाळत घातला होता.

काकांनी क्षणभर विचार केला. सत्तावीस वर्षं दर सहलीला गाडीच्या काचेतून त्यांनी काय पाहिलं होतं? लोक डावीकडून येताना. ओले, हसरे, मोजे हातात घेतलेले. जाणाऱ्यांकडे बघायला सवड कुठे, तेव्हा ते दाटीत गाडी लावण्यात गुंतलेले असत. धबधब्याकडून आलेली माणसं ज्या वाटेने येतात, तीच वाट धबधब्याची. यात चुकण्यासारखं काय होतं?

"डावीकडे!" काका छातीठोकपणे म्हणाले आणि अडतीस बायका त्यांच्या मागे डावीकडे वळल्या.

वाट चढणीची होती. समोरून माणसं खाली येत होती आणि यांच्याकडे विचित्र नजरेने बघत होती. एकजण म्हणालाही, "अहो, इकडून नाही." काकांना वाटलं, बिचारा वाट चुकलाय. "घाबरू नका," ते त्याला म्हणाले, "तुम्ही बरोबर चाललाय."

चढणीच्या टोकाला लोखंडी दांड्यांचं फिरतं दार होतं. शिंपीणताई हौसेने सगळ्यांच्या पुढे झाल्या, दांड्यांमध्ये शिरल्या, एक पाऊल गेल्या आणि थांबल्या. दार पुढे जाईना.

"भाऊजी, हे अडकलंय."

"ढकला जरा."

त्यांनी ढकललं. काकांनी ढकललं. मागच्या चौघींनी शिंपीणताईंनाच ढकललं. पलीकडे बाहेर पडणाऱ्यांची रांग जमली, अलीकडे आत जाणाऱ्यांची, आणि मधोमध शिंपीणताई दोन्ही बाजूंना अपराधी चेहऱ्याने हसत उभ्या. "मागून नका ना ढकलू, गुदगुल्या होतात," असं त्या म्हणतायत तोच शिट्टी वाजली. गणवेशातला म्हातारा रखवालदार धावत आला.

"अहो, काय चाललंय काय? ही बाहेर पडायची वाट आहे! दार एकाच बाजूला फिरतं. आत जायचं उजवीकडून, सगळं जग उजवीकडून जातं!" मग त्याने काकांना ओळखलं आणि त्याचा आवाज एकदम खाली आला. "तुम्ही? तुम्ही तर सहलीच्या गाडीचे ड्रायव्हर. एकोणीस वर्षं बघतोय तुम्हाला, त्या झाडाखाली गाडीत बसलेले असता. मला वाटायचं, तुम्हाला पाण्याचं वावडं आहे. आज पहिल्यांदा खाली उतरलात?"

पितळ उघडं पडलं, आणि तेही भर गर्दीत. मास्तरीणबाईंनी तोंड उघडलं होतं. काकांचा चेहरा बघून त्यांनी ते तसंच मिटलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी हाताशी आलेली चूक सोडून दिली असावी.

काकांना काकूंकडे बघवेना. गल्लीसमोर फजिती झाली ती झाली, ती चार दिवसांत विरते. पण ही बाई सत्तावीस वर्षं घास हातात धरून ऐकत होती. काकांना फार लाज वाटली.

"सगळं ऐकीव होतं तर," काकू म्हणाल्या.

"हो."

"पण तुम्ही कधी म्हणाला नाहीत हो, की मी पाहिलं. 'असं आहे' म्हणायचात. मीच समजून घेतलं." मग काकूंनी हात पुढे केला. "किल्ली द्या."

"कसली?"

"गाडीची. मी बसते पिशव्यांपाशी. तो शेजारचा ड्रायव्हर कधीच निघून गेला असेल. तुम्ही जा ह्यांच्याबरोबर, उजवीकडून."

"अगं, तुलाच बघायचा होता ना? तुझ्यासाठीच तर आलो."

"मला सगळा ठाऊक आहे. सात धारा, मधली दुधासारखी." काकू किंचित हसल्या. "तुम्हीच कोरडे राहिलात."

"पण गाडी हलवायची वेळ आली तर?"

"हॉर्न वाजवीन. हॉर्न येतो मला."

काका नको नको म्हणत राहिले. काकूंनी त्यांच्या खिशात हात घालून किल्ली काढून घेतली आणि उतारावरून चालायला लागल्या. रखवालदाराने दार सैल करून, उलटं फिरवून शिंपीणताईंना सोडवलं, आणि मास्तरीणबाईंनी काकांचा दंड धरून त्यांना उजवीकडे नेलं. वर्गात नव्या आलेल्या मुलाला बाकापर्यंत न्यावं, तसं.

धबधबा सात धारांचा नव्हता, एकाच धारेचा होता. रंग दुधासारखाही नव्हता, चांगला मातकट होता. पण पाणी इतक्या उंचावरून, इतकं सतत पडत होतं की काका कठड्याला धरून नुसते उभे राहिले. तुषार चेहऱ्यावर आले, शर्ट भिजला, बुटांत पाणी गेलं. बायका ओरडत होत्या, हसत होत्या, एकमेकींवर पाणी उडवत होत्या. काकांना काही ऐकू येत नव्हतं. एवढं एक मात्र प्रवाशांनी खरं सांगितलं होतं. डोळ्यांतून पाणी आलं ते कुणाला कळलंही नाही. तिथे सगळ्यांचेच चेहरे ओले होते.

मग लांबून हॉर्न वाजला. एकदा, दोनदा, आणि मग अजिबात न थांबता.

गाडीपाशी भलतीच धमाल चालली होती. मागच्या गाडीवाल्याला बाहेर पडायचं होतं. काकू ड्रायव्हरच्या जागेवर ताठ बसून दोन्ही हातांनी हॉर्न दाबत होत्या, आणि तीन ड्रायव्हर कानांवर हात ठेवून समोर उभे होते. "नवरा येईपर्यंत गाडी इंचभर हलणार नाही," त्या खिडकीतून सांगत होत्या. "नियम आहे!"

काकांनी गाडी हातभर पुढे घेतली, वाट मोकळी केली. बायका चढल्या, खुर्च्यांच्या पाठींवर मोजे पसरले. काकांनीही आपले मोजे पिळले आणि समोरच्या काचेखाली वाळत घातले. मास्तरीणबाई माईक हातात घेऊन म्हणाल्या, "आजचे गाइड उत्तम होते. एक गुण कापलाय, तो मनोऱ्याचा." सगळ्या हसल्या, आणि काकाही हसले.

गाडी रस्त्याला लागली. काकू परत शेजारच्या जागेवर आल्या होत्या. हातातली पिशवी त्यांनी मांडीवर घेतली आणि नेहमीसारख्या काकांकडे वळून बसल्या.

"हं. सांगा."

काकांनी तोंड उघडलं. सत्तावीस वर्षं जे शब्द भराभर यायचे, त्यातला एकही आला नाही. त्यांनी गिअर बदलला. पुन्हा प्रयत्न केला.

"पाणी," ते म्हणाले. "वरून पडतं."

काकू वाट बघत राहिल्या.

"पुढच्या रविवारी मी रजा टाकतो," काका म्हणाले. "दोघं जाऊ. प्रवासी म्हणून."

"आणि रजा नाही मिळाली तर?"

"तर तू जा. मी गाडीपाशी थांबेन. आल्यावर मला सांग."

काकूंनी मान हलवली. मग पुढे वाकून त्यांनी काकांचे मोजे काचेखालून उचलले, खिडकीबाहेर हात काढून पुन्हा घट्ट पिळले आणि आपल्या मांडीवरच्या पिशवीवर नीट पसरून ठेवले. घर येईपर्यंत त्या अधूनमधून त्यांवर तळहात फिरवून बघत होत्या, वाळले का ते.