जिन्न मंगळवारी येतो

बैठकीत पाय ठेवायला जागा नव्हती. झर्का शहरातल्या त्या चार मजली इमारतीतले जवळजवळ सगळे शेजारी फव्वाझच्या घरी लोटले होते. पुरुष गाद्यांवर, बायका दारात, आणि मधोमध टेबलावर एक कॉम्प्युटर. त्याच्यासमोर फव्वाझची एकुलती एक मुलगी ईनास बसली होती आणि तिच्या मागे ऑलिव्हची काठी घेऊन जिन्न उतरवणारे शेख मुतलक उभे होते.

शिळ्या पाण्यात जिन्नांची वस्ती असते, असं शेखांनी आधीच बजावलं होतं. पठण सुरू असताना गच्चीवरच्या टाकीत ताजं पाणी चढलं पाहिजे. म्हणून ईनासची आई नईमा स्वयंपाकघरात पंपाच्या बटणाशी उभी होती. शेख 'चढू दे' म्हणाले की चालू करायचा, 'पुरे' म्हणाले की बंद.

शेख आधी पुटपुटले, मग गरजले. "सात जमिनींखालून आलास की समुद्रातून? बाई आहेस की बाप्या? बोलायला लाज वाटते? मग खूण दे. चढू दे पाणी!"

नईमाने बटण दाबलं. स्वयंपाकघरातली ट्यूब नेहमीसारखी लुकलुकली आणि त्याच क्षणी बैठकीतून एकच हुंकार उठला. कॉम्प्युटरचा पडदा काळा पडला होता. कुणी त्याला बोटसुद्धा लावलं नव्हतं. कॉम्प्युटर पुन्हा पुन्हा चालू करून शेखांनी जिन्नाला तीनदा बोलावलं आणि तीनही वेळा तो आला. झर्कात प्लंबर पाच फोन केल्याशिवाय येत नाही, पण हा जिन्न फारच आज्ञाधारक निघाला.

मग काठी ईनासच्या तळपायांवर पडू लागली. जिन्न बोटांतून शिरतो आणि तळव्यांतून निघतो, असं शेखांचं शास्त्र होतं. फव्वाझने मुलीचे पाय धरले होते. नईमाने भिंतीपलीकडून अकरा फटके ऐकले आणि ती बटणाशीच उभी राहिली.

या सगळ्याची सुरुवात हिवाळ्यात झाली होती. त्या एका कॉम्प्युटरवर फव्वाझ लग्नपत्रिका तयार करायचा, तर ईनास आपला कॉलेजचा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प. मंगळवारी तिला तास नसत, म्हणून तो दिवस तिचा. आणि नेमका मंगळवारीच कॉम्प्युटर अचानक बंद पडायचा, दिवसातून तीन-चारदा. बाकीचे दिवस फव्वाझ बसायचा तेव्हा यंत्र शहाण्यासारखं चालायचं.

दुरुस्तीवाल्या हिकमतने आधी मेमरी बदलली. मग मान हलवून म्हणाला की मदरबोर्ड गेला. फव्वाझने त्याला सरळ विचारलं, "मुअल्लिम, उस्ताद माणूस तुम्ही, बोर्ड काय वार बघून बिघडतो?" हिकमतने उत्तरादाखल नवा बोर्ड पुढे केला. तो बसवून त्याने कॉम्प्युटर दोन दिवस दुकानात चालवून पाहिला. एकदाही बंद पडला नाही. घरी आणला, मंगळवार उजाडला, ईनास बसली आणि पुन्हा काळोख.

तेव्हा हिकमत हात झटकून म्हणाला, "आता या डब्यात दोष द्यायला काही उरलं नाही." फव्वाझने त्याचा अर्थ आपल्या परीने लावला. दोष डब्यात नाही, तर डब्यासमोर बसणारीत आहे. चांगला प्रश्न विचारणारा माणूस असा एका ढांगेत शेखांच्या दारात जाऊन पोचला. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, तशातली ही गत.

फटक्यांच्या त्या पहिल्या बैठकीनंतर शेखांनी निकाल दिला. येत्या मंगळवारी जिन्न पुन्हा आला, तर तो मुलीच्या विद्येवर बसलाय असं समजायचं. मग तिने कॉलेज सोडायचं, पडद्याला हात लावायचा नाही आणि चाळीस दिवस घराबाहेर पडायचं नाही. प्रकल्प त्या मंगळवारनंतरच्या गुरुवारी द्यायचा होता. फव्वाझ म्हणाला, "शेख सांगतील तसं." ईनास सुजलेले पाय घेऊन भिंतीकडे तोंड करून झोपली.

नईमाला मात्र ती लुकलुकणारी ट्यूब सुखाने बसू देईना. तिथे सुट्टी शुक्रवारी असते; रविवारी नवरा पत्रिका पोचवायला गेला होता आणि ईनास लंगडत कॉलेजला गेली होती. नळाला पाणी नव्हतं, कारण त्यांच्या भागात पाणी फक्त मंगळवारी यायचं. नईमाने कॉम्प्युटर चालू केला. खुर्ची रिकामी ठेवली. स्वयंपाकघरात जाऊन बटण दाबलं. कोरडा पंप घुरघुरला, तिने लगेच बंद केला आणि बैठकीत येऊन पाहिलं. पडदा काळा होता. तिने पुन्हा करून पाहिलं, तेव्हाही तेच. दर मंगळवारी पंप लावून या घरात जिन्नाला बोलावणारी आपणच आहोत, हे तिला तेव्हा कळलं.

ती जिना उतरून मिस बुदूरकडे गेली. मिस बुदूरने तीस वर्षं मुलींच्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं होतं आणि तिच्या जिभेला इमारतीतले पुरुष टरकून असत. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "अबू ईनासला, तुझ्या नवऱ्याला, सांगितलंस?"

"ते म्हणतील, पंप वीस वर्षं चालतोय, आजच का?"

"म्हणेल खरा. मग सांगू नकोस. दाखव."

दुसऱ्या मंगळवारी गर्दी दुप्पट होती. शेख रंगात आले होते. काठी टेबलावर आडवी ठेवलेली आणि ईनास पांढरीफटक. शेख गरजले, "ये शापिता, हजर हो! चढू दे पाणी!"

नईमाने हात पाठीमागे बांधले. कॉम्प्युटर चालूच राहिला.

शेख पुन्हा गरजले. पडद्यावर ईनासचं काम तसंच झळकत होतं.

"पाणी आलं नाही का?" शेखांनी आतल्या बाजूला विचारलं. आवाज जरा खाली आला होता.

"आलंय, शेख," नईमा म्हणाली. "तुम्ही जिन्नाला बोलवा."

कुणीतरी फसकन हसलं. शेखांनी कपाळ पुसलं आणि जिन्न माझ्या धाकाने वाटेतच थांबलाय, असं जाहीर केलं. कॉफी आली. शेखांनी पेला ओठाला लावला, तोंड बंद, पठण बंद. नईमाने बटण दाबलं आणि कॉम्प्युटर गेला.

ती दारात येऊन उभी राहिली. "ईनास, ऊठ तिथून. आणि ज्याला जिन्नाला बोलवायचं असेल त्याने आत यावं. कलमा लागत नाही, मंत्र लागत नाही, बोट लागतं."

चौघी बायकांनी एकामागून एक बटण दाबलं. रिकाम्या खुर्चीसमोर पुन्हा पुन्हा चालू केलेला कॉम्प्युटर चार वेळा मेला. मिस बुदूर दारातूनच बोलली. पंप सुरू होताना पहिल्या क्षणाला भरमसाट वीज ओढतो. इमारतीतली तार जुनी आणि बारीक, त्यामुळे तेवढा क्षण घरातली वीज खचते. ट्यूब लुकलुकून सावरते, कॉम्प्युटर सावरत नाही. पूर्वी सावरायचा, कारण त्याला वीज पुरवणारा आतला डबा नवा होता. "तरुणपणी मीही एका दमात तीन मजले चढत होते. हिकमतने सगळं बदललं, तो पॉवर सप्लायचा डबा तेवढा जुना ठेवला. दुकानात पंप नाही, म्हणून तिथे जिन्नही नाही."

मग ती शेखांकडे वळली. "मुतलक, माझा पंप तूच बसवलास ना? दाढी नव्हती तेव्हा. पंप लावला की दिवे मंदावतात, हे त्या वेळी तूच मला सांगितलं होतंस."

शेख ईमानाविषयी काहीतरी बोलत उठले. काठी न्यायची विसरले. गर्दी पांगली. आठवडाभरापूर्वी जिन्नाची चाहूल लागली होती म्हणणारे आता आपल्याला आधीच संशय होता असं सांगत जिना उतरले.

हिकमतने त्याच संध्याकाळी नवा पॉवर सप्लाय बसवला. काढलेला मदरबोर्डही आणून दिला आणि खाली बघत म्हणाला की तो चांगलाच होता, दुसरं काही सुचलं नाही म्हणून बदलला. गुरुवारी ईनासने प्रकल्प दिला. फव्वाझ तिच्यासाठी मिठाई घेऊन आला. तिने डबा उघडला नाही.

रात्रीच्या जेवणानंतर नईमा तिच्या तळव्यांना तेल लावत होती, तेव्हा ईनासने विचारलं, "यम्मा, पहिल्या मंगळवारी ट्यूब लुकलुकली, ती तू पाहिली होतीस?"

"पाहिली होती."

"तीनही वेळा?"

"तीनही वेळा."

"मग?"

नईमाला खोटं बोलवलं नाही. "मग काही नाही. शेख बोलत होते."

ईनासने पाय हलकेच मागे घेतले.

कॉम्प्युटर मंगळवारी बंद पडत असेल, तर मंगळवारी घरात आणखी काय काय होतं ते पाहावं. जे बदलायचं ते तपासून बदलावं. एवढी अक्कल प्रत्येकाकडे असते, नईमाकडेही होती, आणि तिला कॉलेजचं तोंड माहीत नव्हतं. पण नुसतं दिसून भागत नाही. मनात शंका आली की ती तिथल्या तिथे, मोठ्याने विचारावी, कुणी कितीही मोठा माणूस बोलत असला तरी. तिने ती विचारली असती, तर अकरा फटके पडले नसते.