तिसऱ्यांदा विचारेपर्यंत

"अजून एक डाव घालू?" ओदेतने विचारलं.

"नको, नको. पुष्कळ झालं." रोशांनी ताटावर हात आडवा धरला.

"थोडासा? आज बटाटा अगदी लोण्यासारखा उतरलाय."

"तुम्ही उगाच त्रास घेता."

"त्रास कसला त्यात! घालू ना?"

"बरं, आता तुम्ही म्हणताच आहात तर..." हात बाजूला झाला आणि ताटात पापे पडला, म्हणजे लीकच्या कांदेपातीसारख्या पातीचा नि बटाट्याचा मऊ रस्सा. वर सॉसेजचा एक जाडजूड तुकडा. नव्वदीला टेकलेले रोशा असे काही तुटून पडले, की जणू सकाळपासून उपाशी होते!

ट्रॉलीला टेकून उभ्या असलेल्या वाढपी नादेजने डोळे फिरवले. "एका वाढणीला तीन प्रश्न! आम्ही जिनिव्हावाले एकदा विचारतो. नाही म्हणाला? पुढचं टेबल! तुम्ही व्होची माणसं जेवता की तह करता गं?"

सगळं जेवणघर हसलं. ओदेतही हसली. बावीस वर्षं हसत आली होती, आता तोंड आपोआपच हसायचं.

वृद्धाश्रम जिनिव्हात, ओदेत जाकिए तिथली दुय्यम स्वयंपाकीण, आणि मूळची मूदाँजवळच्या एका खेड्यातली, म्हणजे व्हो प्रांतातली. रोशाही तिकडचेच. देशातला हा फ्रेंच बोलणारा पट्टा केवढा, तर या टोकाला न्याहारी करून निघालात तर त्या टोकाला जेवायला पोचाल. पण चहा-कॉफीच्या सुट्टीत बसा जरा! प्रत्येकाच्या कपाळावर आपापल्या भागाची चिठ्ठी डकवलेली. जिनिव्हाचा, म्हणजे तोंडाळ. फ्रीबुर्गचा, म्हणजे अंगाला गोठ्याचा वास. व्हालेचा क्रेत्ता, तिसरा आचारी, त्याच्या नसांत म्हणे रक्त कमी आणि वाइन जास्त. आणि ओदेत? संथ. ना हो, ना नाही.

"ओदेत, काल विचारलेल्याचं उत्तर आज टपालाने येणार का?" क्रेत्ता म्हणायचा.

"तुझ्या बाटलीचं बूच लागलं की येईल," ती म्हणायची.

आता गंमत बघा. अकरा चाळीसला साठ ताटं तयार करणारी ही एकटीच! हेडशेफ बोरेल गुडघा धरून स्टुलावर बसायचे, आणि अकरा वर्षं सगळं स्वयंपाकघर ओदेत हाकायची. पण ते कुणाला दिसायचंच नाही. डोळ्यांआधी चिठ्ठी वाचली जायची ना!

बोरेल निवृत्त होणार हे कळलं, तेव्हा ओदेतने घरी एका पांढऱ्या फडक्यावर पेन्सिलीने नाव लिहून पाहिलं. ओदेत जाकिए. हेडशेफच्या कोटावर खिशाच्या वर निळ्या दोऱ्याने नाव भरलेलं असतं. बाकीच्यांच्या कोटावर नुसतं 'स्वयंपाकघर'. पेन्शनला तिची तीन वर्षं उरली होती, आणि तीन वर्षं तो निळा दोरा छातीवर मिरवायचा, एवढंच तिला हवं होतं. फडकं तिने टेबलक्लॉथच्या खाली लपवलं. नवऱ्यालासुद्धा दाखवलं नाही.

मंगळवारी मॅनेजर दुव्हियारनी तिला बोलावलं.

"ओदेत, बोरेलनंतर हेडशेफ तुम्ही व्हाल का?"

तिचं काळीज दुधासारखं वर आलं! पण तोंड मात्र खेड्यात वाढलेलं. "अहो, मी कुठली? माझ्यापेक्षा चांगलं कुणी असेलच की."

तिच्या गावात पहिल्याच वेळी कुणी कशालाच हो म्हणत नाही. केकचा तुकडा असो, शेताचा बांध असो. तिच्या आईने तर वडलांना दोनदा नकार दिला होता, आणि तिसऱ्यांदा ते विचारायला येणार म्हणून सकाळपासून नवे बूट घालून बसली होती! पटकन घेणारा हावरट, आणि एकदाच विचारणाऱ्याला मुळात द्यायचंच नसतं, हे तिथे पोरालाही कळतं.

म्हणून ओदेत खाली बघत दुसऱ्या विचारण्याची वाट पाहत राहिली.

"समजलं," दुव्हियार म्हणाले. ते जिनिव्हाचे. "या वयात जबाबदारी नको वाटते माणसाला. स्पष्ट बोललात, बरं वाटलं." आणि त्यांनी हात मिळवला!

गुरुवारी विचारतील, ती स्वतःला म्हणाली. गुरुवारी ते फिरकले नाहीत. शुक्रवारी आले, रश्श्यात चमचा बुडवला, "वा!" म्हणाले. ओदेतने एप्रनला हात पुसले. पुन्हा पुसले. ते गेले.

सोमवारी फळ्यावर कागद लागला. नवे हेडशेफ, क्रेत्ता. त्याने म्हणे वाक्य पुरं व्हायच्या आतच हो म्हटलं होतं.

"हिला आधी विचारलं होतं, आणि ही नको म्हणाली!" नादेज सगळ्यांना सांगत सुटली. "व्होवाल्यांना घाई म्हणून कशाची ती नाही बाई!"

ओदेतने गॅस बंद केला आणि ती सरळ ऑफिसात गेली.

"मला ते काम हवं होतं."

इतकं थेट ती आयुष्यात बोलली नव्हती. तिचे कान पेटले.

"पण तुम्ही तर नाही म्हणालात!"

"ते नाही नव्हतं. ते... पहिल्यांदाचं होतं."

दुव्हियार हसले. मनापासून हसले, तेच जास्त लागलं. "काय हो तुम्ही व्होची माणसं! गळ्यात पाटी घालून फिरत जा, कुठलं नाही खरं ते कळायला." मग जरा ओशाळून, "सह्या झाल्या, ओदेत. आता कसं करणार?"

आणि ती हसली. इतका राग आला तिला स्वतःचा! पण तोंड हसलंच.

दुपारी क्रेत्ता मोरीपाशी आला. कुणीतरी त्याच्या कानावर घातलं होतं. त्याचा नवा कोट खुंटीवर होता, निळ्या दोऱ्याने नाव भरूनही झालेलं.

"तुला खरंच हवं होतं का गं? सांग. आत्ता जाऊन कागद फाडतो. आम्ही व्हालेवाले पिणारे असू, पण दुसऱ्याच्या ताटातलं ओढत नाही."

खोटं नव्हतं ते. त्याच्या कपाळाची शीर उडत होती. आणि ओदेतच्या तोंडून काय निघावं?

"असू दे रे. एवढं काय त्यात."

ती पाठ फिरवून लीक चिरायला लागली. सुरी फळीवर पडत होती. पाच, सहा, सात. एक 'नक्की?' पुरला असता. आठ. नऊ.

"बरं झालं बाई," क्रेत्ता सुटल्यासारखा म्हणाला आणि खांद्यावर थोपटून गेला.

पुढच्या आठवड्यापासून नवा नियम आला. जेवण वीस मिनिटांत उरकायचं, वाढताना एकदाच विचारायचं. नादेज घड्याळ बघत ट्रॉलीमागे उभी.

"घालू?" ओदेतने रोशांना विचारलं.

"नको, नको." हात ताटावर आला, पण डोळे तिच्याकडे होते. "नवा शेफ नेमला म्हणे?"

"हो. क्रेत्ता. चांगला आहे."

"तुम्हाला नाही विचारलं?"

"विचारलं."

"किती वेळा?"

"एकदा."

रोशांनी चमचा खाली ठेवला. ते हसले नाहीत. या जेवणघरात न हसलेला हा पहिला माणूस.

"एकदाच," ते हळू म्हणाले. मग पायाने शेजारची खुर्ची मागे सारली. "बसा."

"नको हो, पुढची टेबलं राहिलीत."

"बसा थोडं."

"अहो, सगळे बघतायत."

"ओदेत!" नादेज मागून ओरडली. "सोळा मिनिटं झाली!"

रोशांनी तिकडे पाहिलंही नाही. हात त्यांनी खुर्चीच्या पाठीवर ठेवला.

"बसा, ओदेत."

डाव तिने पातेल्यात ठेवला. ट्रॉलीवर पापे निवत राहिला, आणि ओदेत बसली.