सोमला जगला तर

मोटेचा नाडा, बैल ओढतात तो जाड दोर, झिजला होता, हे गोपीचंदला ठाऊक होतं. त्याच्या बायकोने, रुपाबाईने, त्याला किती वेळा टोकलं. शेवटी त्याने झिजल्या जागी चिंधी गुंडाळली आणि मोठं काम उरकल्यासारखा जेवायला बसला.

दुसऱ्या दिवशी तांड्यातला सोमला मदतीला मोट हाकायला आला. बैल धावेच्या उतारावरून खाली निघाले की हाकणारा नाड्यावर बसतो, तसा तोही बसला. चिंधीपाशीच नाडा तुटला. सोमला दगडांवर आपटला, पावलाचं हाड बाहेर आलं.

त्याच्या आईने, भुरीबाईने, विळा तापवून जखमेला डाग दिला. मानोऱ्याकडच्या कुठल्याही तांड्यात कुठल्याही आईने हेच केलं असतं. पण पाऊल काळं पडत चाललं.

नसाब बसली. तांड्याची पंचायत, मदनसिंग नायकाच्या अंगणात. सोमलाला बाजेवर घालून आणलं होतं.

"नाडा माहा, कबूल," गोपीचंद म्हणाला. "पन पाय काळा झाला तो डागानं. डाग कोनं देल्ला? त्याच्या मायनं!"

भुरीबाईने पदर तोंडात कोंबला.

"काहून रे," नायक म्हणाला, "नाडा तुटला नसता तर भुरीनं इळा कायले तापवला असता? पोळ्या भाजाले?"

लोक हसले. गोपीचंद नाही. नायकाने ठरवलं: सोमलाला नांगर धरता येत नाही तोवर गोपीचंदने आधी त्याचं वावर पेरावं, मग आपलं.

"आन आयक, भुरी. कारंज्याचा डाक्टर पाय कापून मानूस वाचवते म्हन्तात. तू पोराले घरी ठेवलं आन तो गेला, तर ते मरन गोपीचंदच्या माथ्यावर नाही."

"कापाले नाही देत मी," भुरीबाई म्हणाली. "घरीच बरा होईन माहा लेक."

गोपीचंद जोडा घालायला वाकला. वाकताना त्याने सोडलेला सुस्कारा फक्त रुपाबाईला ऐकू आला.

घरी येताना तिने ते सगळं मनात उलटसुलट करून पाहिलं. सोमला एका पायाने जगला, तर त्याचं वावर यांच्या गळ्यात जन्मभर. मेला, तर हे मोकळे. नायकाच्या बोलण्यात कुठे खोट काढावी ते तिला सापडेना.

सकाळी ती दूध घेऊन भुरीबाईकडे गेली. दारातच वास आला. गोड, सडका. काळं घोट्याच्या वर चढलं होतं.

"चाल, काकी. गाडी जुंपाले सांगते."

"तुह्या नवऱ्याचं ओझं उतरलं ना? मंग तू काहून आली?"

"उतरलं म्हनूनच आली."

भुरीबाई दारातून बाजूला झाली. "डाग म्याच देल्ला गं."

"तुह्या जागी मी असती तर मीबी देल्ला असता. पन आता वास येऊन राह्यला, काकी. तुलेबी येऊन राह्यला."

बाजेवरून सोमला बोलला. आवाज लांबून आल्यासारखा. "माय, कापू दे."

गोपीचंदने गाडी जुंपली. नाही कसं म्हणणार? तांडा बघत होता. मानोऱ्याहून कारंज्याची मोटार गाठायची होती. मागे तुराट्यांवर सोमला, त्याचं डोकं मांडीवर घेतलेली भुरीबाई आणि कडेला रुपाबाई. वावरं मागे सरत होती, पण फार सावकाश.

रुपाबाईने आधी बैलांकडे पाहिलं. मग नवऱ्याच्या हाताकडे. कासरा ताणलेला होता. सपाट रस्त्यावर, उतार नसताना, त्याने बैल मागे ओढून धरले होते.

कदाचित त्यालाही ते कळत नसेल. तिला तसंच वाटून घ्यायचं होतं. याच माणसाबरोबर तिला पुढेही राहायचं होतं.

"बैल थकले काय वं?" भुरीबाईने विचारलं. "याचं अंग लय तापून राह्यलं."

रुपाबाई पुढे सरकली आणि नवऱ्याशेजारी बसली.

"द्या इकडं."

"काय?"

"कासरा."

त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. सोडलाही नाही. मागे सोमलाचं कण्हणं थांबलं. तिने मान वळवली नाही. नवऱ्याची बोटं एकेक करून उलगडली, कासरा सैल सोडला आणि बैलांना हाक घातली.